सगळ्यांसाठी एकच आकाश : ‘एलीट डेंजरस’ सगळ्यांना खूश करायच्या नादात बिघडला का?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘अं’, ‘काय म्हणत होतो मी’ काढून टाकलेत, मधेच लाईट गेली तेवढा भागही. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

उंद्रीहून बोलतोय. नवीन श्रोत्यांसाठी सांगतो, पुण्याजवळची उंड्री नव्हे; बुलढाणा जिल्ह्यातली, चिखली तालुक्यातली उंद्री.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आला. पोरगा कॉलेजात आहे. सुट्टीत काम करून थोडे पैसे साठवलेत. तो म्हणतो, “दादा, एलीट डेंजरस घ्याव म्हणतो. पण जो तो म्हणते का सगळ्याइले खूश कराच्या नादात त्या गेमचं वाटोळं झालं. खरं हाये का? पैसे घालू का नको?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन प्रश्न आहेत. एक, सगळ्यांना खूश करायला गेलं की गेम बिघडतोच का? आणि दुसरा, जो कुणी विचारत नाही तो, ‘सगळे’ म्हणजे नक्की कोण? त्यात आपण येतो का? दोन्हींची उत्तरं शोधू, मग पैशाचं बोलू.

आधी गेम काय आहे ते

एलीट डेंजरस १६ डिसेंबर २०१४ ला आला. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीचा. तुम्हाला एक छोटं यान मिळतं, थोडे पैसे मिळतात आणि समोर अख्खी आकाशगंगा. अख्खी म्हणजे खरोखर अख्खी, एकास एक मापाची, ४०० अब्ज ताऱ्यांची. आपल्या हिशेबात चाळीस हजार कोटी. पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. माल वाहा, खाणकाम करा, लूटमार करा, लुटारूंना पकडा, नाहीतर कुणी न पाहिलेले ग्रह बघत हिंडा.

एवढे तारे कुणी बसून काढले? कुणीच नाही. शेतकऱ्याच्या पोराला हे समजायला सोपं जातं. एक बी असतं, एक नियम असतो. बी तेच आणि नियम तोच, तर उगवणारं झाडही दर वेळी तेच. गेममध्ये ताऱ्यांची यादी साठवून ठेवलेली नाही. तुम्ही जिथे जाल तिथला तारा आणि त्याचे ग्रह त्या क्षणी सूत्रानं उगवतात. त्यात लाखाहून जास्त खरे, दुर्बिणीनं नोंदलेले तारेही त्यांच्या जागी बसवलेत.

ही आकाशगंगा कुणाला खूश करायला बनलेली नाही, हे लक्षात ठेवा. आपल्याच जिल्ह्यातलं लोणार घ्या. उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. कुणी कमळजा देवीच्या दर्शनाला उतरतो, कुणी पक्षी बघायला, कुणी मंगळावरच्या विवरांशी ताडून बघायला तिथले दगड तपासतो. लोणार कुणासाठीच बदलत नाही, तरी प्रत्येकाचं काम होतं. एलीटचं आकाश तसं आहे. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की भांडण आकाशाचं नाहीच. भांडण त्यावर माणसांनी बसवलेल्या नियमांचं आहे.

१९८४ चा गेमही सगळ्यांसाठीच होता

“पूर्वीचे गेम एकाच गोष्टीवर लक्ष द्यायचे,” असं लोक म्हणतात. एलीटच्या बाबतीत ते खरं नाही. मूळ ‘एलीट’ सप्टेंबर १९८४ मध्ये आला, बीबीसी मायक्रो नावाच्या संगणकासाठी. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला. त्या संगणकाची मेमरी ३२ किलोबाइट. आज घरच्या ग्रुपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोही त्याहून मोठा असतो. तेवढ्यात त्यांनी ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६, म्हणजे एकूण २,०४८ ग्रह बसवले. बी आणि नियम, हीच युक्ती.

त्या गेममध्येही व्यापार होता, लूटमार होती, खाणकाम होतं. थॉर्न ईएमआय या प्रकाशकाकडे गेम नेला तेव्हा त्यांनी नकार दिला. त्यांना गुण हवे होते, तीन जीव हवे होते, दहा मिनिटांत संपणारा खेळ हवा होता. शेवटी अ‍ॅकॉर्नसॉफ्टनं तो काढला. माझ्या शेजारच्या काकांनी परवा माझ्या स्क्रीनकडे बघून हेच विचारलं, “ह्याच्यात जिंकाचं काय हाये मंग?” काही नाही काका. जिंकायचं काहीच नाही.

म्हणजे अनेक प्रकारच्या लोकांना जागा देणं हे या गेमच्या रक्तातच आहे. फरक कुठे होता? जुन्या गेममध्ये प्रत्येक सोयीला किंमत होती. तेव्हा फिरत्या स्थानकात यान नेऊन उतरवणं महाकठीण. ते आपोआप करणारा डॉकिंग कॉम्प्युटर होता, पण तो पैसे कमावून विकत घ्यावा लागे. ज्याला हातानं उतरवण्यातच मजा आहे त्याचं काही बिघडत नसे, आणि ज्याला जमत नाही तो अडून राहत नसे. नव्या एलीटमध्येही डॉकिंग कॉम्प्युटर आहे, आणि २०१९ मध्ये लांबच्या प्रवासात यान नीट थांबवून देणारी सोयही आली. यावर थोडी कुरकुर झाली, पण खेळ काही मोडला नाही. दुसऱ्याच्या ताटातलं न काढता वाढलं, तर पंगत मोडत नाही.

खरं आकाश, सोयीचा वेग

आता ‘सिम्युलेशन’ या शब्दाकडे येऊ. अवकाशात हवा नाही. एकदा वेग घेतला की यान त्याच वेगानं जातच राहतं, इंजिन बंद केलं तरी. १९९३ चा दुसरा भाग, ‘फ्रंटियर’, हे प्रामाणिकपणे पाळायचा. परिणाम काय? लढाई म्हणजे दोन यानं भन्नाट वेगानं समोरासमोर आली, एकेक गोळी झाडली आणि पार निघून गेली. मग पुन्हा वळून येईपर्यंत चहा करून घ्या.

एलीट डेंजरसनं इथे तडजोड केली. साध्या उड्डाणात यानाला वेगमर्यादा आहे, सेकंदाला काही शे मीटर. पृथ्वीभोवती फिरणारं खरं अवकाशस्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं जातं, त्यापुढे हे बैलगाडीच. विज्ञान म्हणून हे चूक आहे. पण त्यामुळे दोन माणसं एकमेकांभोवती वळत लढू शकतात आणि वेगवेगळ्या नेटवर बसलेल्यांना एकमेकांची यानं नीट दिसू शकतात. ज्याला अवघड हवंय तो उड्डाण-साहाय्य बंद करू शकतो. मग यान बर्फावरच्या दगडासारखं घसरतं, तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे.

दुसरा रस्ता मेक्सिकोच्या ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’नं घेतला. तिथे कक्षा खऱ्या गणितानं चालतात. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला सुटलं आणि लगेच मंगळाकडे निघालं नाही, पृथ्वीभोवती कक्षा मोठी मोठी करत १ डिसेंबरला निघालं. असं का, ते कर्बल खेळणाऱ्याला हातानं कळतं. पण तिथे व्यापार नाही, लुटारू नाहीत. त्यांनी एकच गोष्ट निवडली. मला दोन्ही गेम मान्य आहेत. वेगाबद्दलची तडजोड एलीटनं उघडपणे केली, तिचा फायदा काय तेही दिसतं. तडजोड म्हणजे बिघाड नव्हे.

मग मोडलं कुठे?

इथून पुढे भांडणाचा मुद्दा. माझ्या मते तीन जागी.

पहिली जागा : एकच जग, तीन दारं. एलीटमध्ये तुम्ही तीन प्रकारे शिरू शकता. ‘ओपन’ म्हणजे कुणीही भेटू शकतो, हल्लाही करू शकतो. ‘प्रायव्हेट ग्रुप’ म्हणजे फक्त ओळखीचे. ‘सोलो’ म्हणजे तुम्ही एकटेच. पण तिन्ही दारांतून दिसणारं जग एकच. कुठल्या सूर्यमालेवर कुणाची सत्ता, कुठे मालाला काय भाव, हे सगळ्यांच्या कामाची बेरीज करून ठरतं.

आता ग्रामपंचायतीची निवडणूक डोळ्यासमोर आणा. एकजण भर चौकात प्रचार करतो, तिथे त्याला विरोधकही भेटतात, वादही होतो. दुसरा कुणाला न दिसता रात्री घरोघर फिरतो. मतं दोघांचीही मोजली जातात. चौकातला माणूस चिडणारच, “समोर तर ये लेका!” ओपनवाल्यांची तक्रार नेमकी ही. आम्ही आमची सत्ता राखायला पहारा देतो, आणि कुणीतरी सोलोमध्ये बसून, कुणी अडवू शकत नाही अशा वाटेनं माल आणून आमची सत्ता उलथवतो.

२०१८ मध्ये डिझायनर सँड्रो सॅमार्को यांनी एक कल्पना चर्चेला ठेवली, की निदान ‘पॉवरप्ले’ हा सत्तासंघर्षाचा भाग तरी फक्त ओपनमध्ये ठेवावा. खूप वाद झाला, तसं केलं गेलं नाही. सोलोवाल्यांचंही खरं होतं. तीन दारांचं वचन पैसे गोळा करतानाच दिलेलं होतं, आणि दिवसभर राबून तासभर शांतपणे खेळणाऱ्याला कुणीतरी गंमत म्हणून उडवावं हे त्यानं का सोसावं? आणखी एक तांत्रिक गोम आहे. या गेममध्ये खेळाडूंचे संगणक थेट एकमेकांशी जोडले जातात, म्हणून एका वेळी एका जागी मोजकीच यानं मावतात. सगळ्यांना ओपनमध्ये कोंबलं तरी तुमचा शत्रू त्याच जागी असून तुम्हाला दिसणार नाही, असं होऊ शकतं. म्हणजे चौक एक नाहीच, चौकाच्या शंभर प्रती आहेत.

सगळ्यांना खूश करायचा प्रयत्न इथे खरोखर अंगाशी आला. कारण दोन गटांच्या इच्छा नुसत्या वेगळ्या नाहीत, त्या एकमेकींना छेद देतात. एकाला हवी ती शांतता, दुसऱ्याला हवा तो धोका, आणि दोघांचा हिशेब एकाच वहीत. वह्या वेगळ्या केल्या असत्या किंवा नियम पहिल्या दिवशीच ठणकावून सांगितला असता, तर दहा वर्षं हे भांडण चाललं नसतं. आइसलंडचा ‘ईव्ह ऑनलाइन’ बघा, २००३ पासून चालू आहे. तिथे यान घेऊन बाहेर पडलात की तुम्ही कुणाच्याही माऱ्यात आहात, हे आधीच सांगितलेलं असतं. म्हणून अनेक जण तिकडे फिरकत नाहीत, आणि जे जातात ते तक्रार करत नाहीत.

दुसरी जागा : एक ना धड, भाराभर चिंध्या. दर वर्षी नव्या गटासाठी नवं काहीतरी. २०१५ मध्ये पॉवरप्ले. त्याच वर्षी झटपट लढाई आवडणाऱ्यांसाठी वेगळा आखाडा. डिसेंबर २०१५ ला ‘होरायझन्स’, म्हणजे हवा नसलेल्या ग्रहांवर उतरणं. २०१६ मध्ये ‘इंजिनियर्स’. २०१७ मध्ये एकाच यानात मित्रांसोबत बसायची सोय. यातलं ग्रहांवर उतरणं फळलं. आखाड्यात थोड्याच काळात समोर लढायला माणूस मिळेना.

इंजिनियर्सचं उदाहरण तर शिकण्यासारखं आहे. यान सुधारून देणारे हे कारागीर. पण सेलीन जीनकडून चिलखत मजबूत करून घ्यायचं तर आधी ५०० टन खनिज खणा. प्रोफेसर पालिनकडे जायचं तर घरापासून ५,००० प्रकाशवर्षं लांब जाऊन या. ज्याला फक्त लढायचंय त्यानं खाण का खणावी? इथे खूश करण्याचा अर्थच उलटा झाला. प्रत्येकाला त्याचं काम देण्याऐवजी प्रत्येकाला सगळ्यांचं काम करायला लावलं. सुताराला म्हणायचं, आधी शेत नांगर, मग रंधा मिळेल.

मे २०२१ मध्ये ‘ओडिसी’ आला. यानातून उतरून पायी चालायचं, बंदूक चालवायची. म्हणजे गोळीबाराचे गेम खेळणाऱ्यांनाही बोलावणं. १९ मे ला आला तेव्हा चांगल्या संगणकांवरही अडखळत होता, आणि काही दिवसांतच खुद्द ब्रेबन यांना माफी मागावी लागली. डोळ्यांवर व्हीआर लावून खेळणारे एलीटचे जुने भक्त. त्यांना पायी चालताना समोर नुसता सपाट पडदा मिळाला. नवे पाहुणे आले, घरचे ओसरीवर बसले.

तिसरी जागा, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी : ‘सगळे’ म्हणजे कोण?

‘सगळे’ या शब्दातून गळलेले

२०१२ च्या नोव्हेंबरात फ्रंटियरनं किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले. लक्ष्य १२.५ लाख पौंड, जमले १५ लाखांहून जास्त. त्या मोहिमेत पुढे एक आश्वासन आलं, की नेटशिवाय एकट्यानं खेळायची सोयही देऊ. आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, गेम यायला महिना उरलेला असताना, जाहीर केलं की ते होणार नाही. कारण त्यांनी सांगितलं ते खोटं नव्हतं. सतत बदलणारं जग सर्व्हरवर चालतं, ते काढलं तर उरतो पोकळ सांगाडा. पण पैसे त्या आश्वासनावर घेतले होते. पैसे परत देण्यावरून बराच गदारोळ झाला.

लंडनमध्ये बसून ही छोटी गोष्ट वाटेल. उंद्रीत बसून बघा. लाईट गेली की राउटर बंद. लॅपटॉपला बॅटरी आहे, तो दोन तास चालेल. तुम्ही सोलोमध्ये आहात, जवळपास एकही माणूस नाही, हजारो प्रकाशवर्षं दूर एका मेलेल्या ताऱ्याजवळ एकटे. तरीही नेट गेलं की खेळ थांबला. ‘सोलो’ म्हणजे एकटं खेळणं, नेटशिवाय खेळणं नव्हे. ‘सगळ्यांसाठी’ असं लिहिलेल्या पाटीखाली बारीक अक्षरात एक अट आहे, ती म्हणजे चोवीस तास तार जोडलेली हवी.

दुसरे गळले ते कन्सोलवाले. एक्सबॉक्सवर गेम २०१५ मध्ये गेला, प्लेस्टेशनवर २०१७ मध्ये. त्यांनी ओडिसीची वाट बघितली, आणि मार्च २०२२ मध्ये कंपनीनं सांगितलं की कन्सोलवरचं पुढचं काम थांबवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आकाशगंगेच्याच दोन आवृत्त्या झाल्या, एक पुढे चालणारी आणि एक जुनी, जिथली गोष्ट थांबली. ‘सगळे एकाच आकाशाखाली’ हे ज्या गेमचं ब्रीद, त्याचं आकाशच दुभंगलं. कन्सोलवाल्यांना आपली कमाई संगणकावर न्यायची वाट दिली, पण त्यासाठी संगणक तर हवा.

जो समोर ओरडतो त्याच्यासाठी नवं काहीतरी येतं. जो मुकाट खेळतो, ज्याचं नेट साधं आहे, जो गेल्या वर्षीचं यंत्र वापरतो, त्याच्यासाठी दार हळूच लोटलं जातं. माझी खरी तक्रार खूश करण्याबद्दल नाही, ती ही आहे.

दुसरी बाजूही ऐका

एवढं सगळं होऊनही हा गेम मेला नाही. कंपनीनं उशिरा का होईना अर्धवट सोडलेल्या कामांकडे मोर्चा वळवला. २०२४ मध्ये इंजिनियर्सची हमाली बरीच हलकी केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पॉवरप्ले नव्यानं बांधला. आता ज्याला जे काम आवडतं ते करून तो आपल्या पक्षाला हातभार लावू शकतो. शोधक शोध घेऊन, व्यापारी माल विकून. तीन दारं अजून तशीच आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये खेळाडूंना रिकाम्या सूर्यमालांत वस्ती करायची सोय आली, तिथे व्यापारी, बांधकामवाले, हिंडणारे सगळे एकाच कामाला लागले. नवा गट बोलावण्यापेक्षा असलेल्यांना एकमेकांच्या उपयोगी पाडणं, हे सूत्र त्यांना दहा वर्षांनी सापडलं.

आणि काही गोष्टी कंपनीनं दिल्याच नाहीत, लोकांनी केल्या. ‘फ्युएल रॅट्स’ नावाचा गट २०१५ पासून आहे. कुणाच्या यानातलं इंधन संपलं की हाक मारायची, हे अनोळखी लोक येतात, इंधन देतात, एक पैसा न घेता निघून जातात. हायवेवर पेट्रोल संपलेल्या गाडीजवळ कुणी बाटली घेऊन थांबावं ना, तसं. २०१९ च्या जानेवारीत ‘डिस्टंट वर्ल्ड्स’ची दुसरी मोहीम निघाली, १३ हजारांहून जास्त खेळाडू आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला निघाले. आपली पंढरीची वारी म्हणा ना. असं मोकळं पडलेलं मोठं आकाश नसतं, तर वारी निघाली कुठून असती?

उलट टोक बघायचं तर ‘स्टार सिटिझन’. तोही २०१२ चाच, लोकांकडून जमवलेली रक्कम ७० कोटी डॉलरच्या पुढे गेली, आणि पूर्ण झालेला गेम अजून हातात नाही. तिथे नाही म्हणायचं कुणाला हेच ठरलेलं दिसत नाही. एलीटनं निदान २०१४ ला काहीतरी पानात वाढलं.

तर भाऊ, तुझं उत्तर

सगळ्यांना खूश करायच्या नादात गेम बिघडला का? काही जागी हो. जिथे दोन विरुद्ध इच्छा एकाच हिशेबात बांधल्या, जिथे एक काम पुरं न करता दुसरं काढलं, आणि जिथे दिलेलं वचन ऐन वेळी मागे घेतलं, तिथे. पण मूळ आकाश धड आहे. त्यात रात्री एकटं उडताना, पुढच्या ताऱ्याजवळ जगातल्या कुणीही न पाहिलेलं काही असेल या विचारानं जे वाटतं, ते दुसऱ्या गेमनं मला दिलेलं नाही.

पैशाबद्दल सांगतो. घाई करू नकोस, हा गेम वरचेवर सेलमध्ये येतो. आधी आपल्या नेटकडे बघ, नुसत्या वेगाकडे नको. दिवसातून किती वेळा तुटतं ते आठवडाभर लिहून काढ. लॅपटॉपला किमान काय लागतं ते वाच, आणि किमानवर विश्वास ठेवू नकोस, त्याच्या वरचं धर. आणि एक प्रश्न स्वतःला विचार, जिंकायचं काही नसेल तर मी रोज संध्याकाळी परत येईन का? उत्तर ‘नाही’ असेल तर पैसे वाचव, त्यात लाज नाही. ‘हो’ असेल तर ये, सुरुवात सोलोमध्ये कर, कुणाचं काही ऐकू नकोस.

आणि नेट धड नसेल तर कर्बल घे. तो नेटशिवाय चालतो. लाईट गेली तरी बॅटरी संपेपर्यंत चंद्रावर पोचशील. पहिल्या दहा वेळा आपटशील, पण पोचशील.

बाकीच्यांनी आपली मतं व्हॉइस मेसेजनं पाठवा. ओपनवाल्यांनो, शिव्या जरा मराठीत द्या, वाचायला बरं पडतं. भेटू पुढच्या भागात. राम राम.